आत्या चढावर थांबते

काका आले, आत्याच्या स्टिअरिंगमागे बसले, "बास!" असं ओरडले आणि आत्या एका दमात चढ चढून वर गेली.

हे झालेलं नाही. म्हणजे झालं, मी स्वतः मागच्या सीटवर दुधाची किटली मांडीवर घेऊन पाहिलं. पण आमच्या दोन्ही घरांत असं ठरलं आहे की त्या सकाळी काका दूध आणायला गेले होते, बाबा पेपर वाचत होते आणि आत्या नेहमीसारखी अर्ध्या चढावर बंद पडली होती. मीही त्या ठरावाला बांधील आहे. तेव्हा वरचं वाक्य उचललं असेल तर कृपया जागच्या जागी ठेवून द्या.

आता सुरुवातीपासून.

आत्या ही मोटार आहे. आजोबांना दोन मुलगे, मुलगी नाही. दोघांनी लहानपणी बहीण हवी म्हणून बराच हट्ट धरला. आजीने "आता मला जमायचं नाही" असं जाहीर केल्यावर आजोबा एके दिवशी एक जुनी मोटार घेऊन घरी आले. गोल डोळ्यांची, रुंद कमरेची, फिकट हिरवी. "ही घ्या बहीण," ते म्हणाले. "हिला जपा, हिला एकटीला कुठे पाठवू नका आणि हिच्यावरून भांडू नका." पहिल्या दोन सूचना दोघांनी आजवर तंतोतंत पाळल्या आहेत. तर त्या नात्याने ती माझी आत्या. शाळेत 'आमच्या घरातली माणसं' या निबंधात मी "माझी आत्या पेट्रोल पिते, पण स्वभावाने चांगली आहे" असं लिहिलं होतं, तेव्हा बाईंनी आईला शाळेत बोलावून घेऊन फार मायेने विचारपूस केली होती.

आमचं घर चढाच्या पायथ्याशी आहे आणि काकांचं माथ्यावर. मधे एक शिंप्याचं दुकान, एक लाँड्री, वाकलेला दिव्याचा खांब आणि ज्याच्यावर कायम कुणाची तरी चादर वाळत असते असा कठडा. एवढंच. पायी निघालात तर चप्पल नीट पायात बसेपर्यंत वर पोचाल.

काका पूर्वी आमच्याच घरात राहायचे. आईचं आणि काकूचं छान जमायचं, बाबांचं आणि काकांचं त्याहून छान, आणि मला दोन दोन माणसांकडून ओरडा मिळायचा. हे सगळं ठिणगीच्या वेळेवरून मोडलं.

ठिणगीचं असं असतं. इंजिनात पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि मग ती पेटवावी लागते. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे, कारण वाफेलाही पेट घ्यायला थोडा अवधी लागतो. फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यातच दणका बसतो, आणि डब्यात खडे हलवल्यासारखी बारीक टकटक ऐकू येते. उशिरा पडली तर आवाज काही येत नाही, फक्त जोर जातो. सभा उठल्यावर पोचलेल्या वक्त्यासारखं. बोलतो सगळं, पण खुर्च्यांशी. ही वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा इंजिनावर असतो. वर काळी टोपी, टोपीतून निघून ठिणगी पाडणाऱ्या प्लगांकडे जाणाऱ्या जाड वायरी. खालचा बोल्ट सैल करून तो डबा केसभर इकडे किंवा तिकडे फिरवला की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. सगळी गंमत त्या केसभरात आहे.

हे काम गाडी उभी करून करतात. निदान शहाणी माणसं तरी तसंच करतात. आमच्या घराण्यात ते गाडी चालू ठेवून, चढावर, बॉनेट काढून करायची रीत होती. इंजिनावर भार आल्याशिवाय ती टकटक निघत नाही, आणि भार म्हणजे आमचा चढ. काका गाडी चालवायचे. बाबा डाव्या मडगार्डवर पालथे पडायचे, एका हाताने हेडलाइटला मिठी मारून, दुसरा हात डिस्ट्रिब्युटरवर, नाक पंख्यापासून शक्य तितकं लांब. बाबा डबा फिरवत न्यायचे. काका मान उजवीकडे कलती करून, डोळे अर्धवट मिटून ऐकायचे. या डोळे मिटण्यामुळे आई आधी चढभर फिरून लोकांना कडेला उभं राहायला सांगायची. मग पहिली टकटक कानावर पडली की काका ओरडायचे, "बास!" बाबा डबा एवढासा मागे घ्यायचे आणि बोल्ट आवळायचे. काकांचा कान, बाबांचा हात. त्यांना एकमेकांशी दुसरं काही बोलावं लागत नसे, आणि ते बोलतही नसत.

काकांचा कान साधा नव्हता. ते बाटल्यांच्या कारखान्यात होते. पट्ट्यावरून येणाऱ्या बाटलीवर नखाने टिचकी मारायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही लोकांच्या घरी पाण्याचा पेला हातात आला की ते आधी टिचकी मारत. कुणाकुणाचा अपमान व्हायचा. बाबा नकाशे काढायचे. त्यांचा रेघेवर विश्वास. रेघ आहे म्हणजे सीमा आहे, सीमा आहे म्हणजे तिच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं काहीतरी आहे.

तर बाबांनी एकदा एक बत्ती आणली. पिस्तुलासारखी दिसणारी. तिची वायर पहिल्या प्लगच्या वायरीला लावायची आणि बत्ती इंजिनाच्या पुढच्या पुलीवर रोखायची. प्रत्येक ठिणगीला बत्ती लखलखते आणि गरगर फिरणाऱ्या पुलीवरची पांढरी खूण जागच्या जागी थिजल्यासारखी दिसते. खूण शेजारच्या अंश कोरलेल्या काट्यावर ठरलेल्या अंशासमोर आली की टायमिंग बरोबर. कानाची गरज नाही, चढाची नाही, दुसऱ्या माणसाची तर अजिबातच नाही.

काका "बास" म्हणाले होते, आत्या वर जाऊन उभी होती, आणि बाबा म्हणाले, "थांब दादा, बत्ती लावून बघू."

"कशाला?"

"खात्री करायला."

"कुणाची?"

बाबांनी बत्ती लावली. खूण काट्यापासून चांगली बोटभर लांब होती. बाबा म्हणाले, "दादा, तू चुकलास." हे वाक्य त्या घरात तोपर्यंत कुणी उच्चारलं नव्हतं. ते तिथे बसेना.

काका सीटवरून उतरले. "मग बत्तीलाच बसव गाडी चालवायला," ते म्हणाले, आणि महिन्याभरात माथ्यावरच्या घरात राहायला गेले. मला विचाराल तर त्यांच्या निवडीचं आश्चर्यच वाटलं. माणूस रागावून लांब जातो. काका रागावून ऐकू येईल इतक्याच अंतरावर गेले.

आई आणि काकूचं भांडण झालं नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या रोज संध्याकाळी अर्ध्या चढावर, त्या कठड्यापाशी भेटतात आणि इतकं हसतात की शिंपी शिलाई थांबवतो.

त्यानंतर बाबांनी आत्याचं टायमिंग बत्तीने लावलं, खूण बरोबर काट्यासमोर. आणि आत्या चढेनाशी झाली. सपाटीवर बरी चालायची, पण चढावर लाँड्रीपर्यंत यायची, तिथे तिची छाती भरून यायची, पाणी उकळायचं आणि ती थांबायची. बाबा दर रविवारी सकाळी तिला घेऊन चढावर जायचे. मागच्या सीटवर मी. "मी का?" असं विचारलं तर म्हणायचे, "वजन हवं." आत्या लाँड्रीपाशी बंद पडायची. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ वरच्या घराच्या खिडकीकडे बघायचे. मग आम्ही गाडी हळूहळू मागे सोडत घरी यायचो. लाँड्रीवाला आम्हाला हात करायचा. पुढे पुढे तो इस्त्री केलेले कपडेही त्याच वेळी गाडीत टाकायला लागला.

दुपारी मी वर जायचो. काका दारातच सुरू करायचे.

"तुझ्या बापाला सांग, ठिणगी उशिरा पडतेय."

मी खाली येऊन सांगायचो.

"त्याला सांग, खूण काट्यावर आहे."

मी वर जाऊन सांगायचो.

"सांग त्याला, इंजिनाला काटा दिसत नाही."

"काका, तुम्हीच खाली येऊन सांगा ना."

"मी मोठा आहे. तो येईल."

खाली बाबा म्हणायचे, "तो मोठा आहे. त्याने यायला हवं." दोघांचं कारण एकच होतं, तरी तडजोड होईना. मी नगरपालिकेच्या रस्ते विभागात कारकून आहे. लोक गतिरोधकासाठी अर्ज करतात आणि मी ते नम्र भाषेत नाकारतो. पण दोन्ही बाजू एकाच मुद्द्यावर सहमत असून प्रकरण अडलंय, असं मी ऑफिसातही पाहिलेलं नाही.

मला मात्र काका हवे होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरात हवं असणं ही गोष्ट गाडीच्या भाषेत सांगायची असते आणि मला गाडीतलं फारसं कळत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर काकांची खुर्ची अजून होती. तिच्यावर बाबांनी ती बत्ती ठेवली होती. तीन माणसांच्या जेवणात एक बत्ती. आईने एकदा चुकून तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. बाबांनी तो पेला बघितला, नखाने एक टिचकी मारली आणि भाजी मागितली.

मग एका रविवारी मी वर गेलो तर काका म्हणाले, "काय रे, आज गाडी काढली नाही वाटतं?"

काढली होती. लाँड्रीपर्यंत आली होती. नेहमीपेक्षा जास्त धापा टाकत होती.

मी काकूकडे बघितलं. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि विनाकारण एक डबा पुसायला लागली.

"कान जातायत त्यांचे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. मग बाकीचे."

"कधीपासून?"

"कोण जाणे. मी बोललेलं त्यांना ऐकू येईनासं झालं तेव्हा मला वाटलं, नेहमीचंच आहे. संसारात कळतं का काही? दाराची बेल वाजली आणि ते मला म्हणाले, 'मला काही म्हणालीस?' तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला." ती हसली आणि डबा पुसतच राहिली. "तुझ्या बाबांना सांगू नकोस. काकांनीच बजावलंय. म्हणाले, धाकट्याला कळलं तर बत्ती जिंकली असं होईल."

बारीक आवाज आधी जातात. ती टकटक जगातल्या बारीक आवाजांपैकी एक. मी चढ उतरून खाली आलो आणि पहिल्यांदाच मला तो चढ चढण्यापेक्षा उतरायला जड वाटला.

मला एवढंच कळत होतं की काकांना काही ऐकू येतंय तोवर हे दोघं एका गाडीत बसले पाहिजेत. त्यासाठी बत्ती खोटी पाडायला हवी होती. मग मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याच्या पोटात हात घातला. दुपारी बाबा झोपले असताना पहिला प्लग काढला, आईची लांब विणकामाची सुई त्या भोकात अलगद सोडली आणि पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवत गेलो. पिस्टन वर येतो तशी सुई वर येते. सुई सगळ्यात वर येऊन थबकली म्हणजे पिस्टन माथ्यावर, आणि तेव्हा पुलीवरची खूण काट्याच्या शून्यासमोर असायला हवी. सुई थबकली. खूण भलतीकडेच होती. चांगली बोटभर लांब.

पुली एकसंध नसते, हे मला तेव्हा कळलं. आतला लोखंडी भाग, बाहेरचं कडं आणि दोघांच्या मधे रबर. रबर म्हातारं झालं होतं, बाहेरचं कडं गुपचूप सरकलं होतं आणि खूण त्याच्याबरोबर निघून गेली होती. बत्ती खरं बोलत होती, पण चुकीच्या जागेबद्दल. काका चुकले नव्हते. ते कधीच चुकले नव्हते.

मी सुई हातात घेऊन बाबांना उठवलं. तेल टपकत होतं, आई नंतर बरंच बोलली. "बाबा! पुलीचं कडं सरकलंय. काका बरोबर होते!"

बाबांनी चष्मा लावला, सुई पाहिली, मला पाहिलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"दादा वर राहायला गेला त्याच आठवड्यात बघितलं मी."

"मग नीट का नाही केलं?"

बाबा उठून बसले. त्यांनी चादरीची घडी घातली, मग ती घडी मोडून पुन्हा घातली.

"नीट केली असती तर गाडी वर गेली असती."

"मग?"

"मग त्याच्या दारावरून पुढे गेली असती. त्याला काय ऐकू आलं असतं? चाललेल्या गाडीकडे कोण लक्ष देतं?" त्यांनी घडी उशाशी ठेवली. "बिघडलेली ऐकली तर येईल, असं वाटलं. त्याच्याने बिघडलेलं ऐकवत नाही."

म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी माझे वडील एक मोटार मुद्दाम बिघडलेल्या अवस्थेत चढावर नेऊन आपल्या भावाला हाक मारत होते, आणि मी मागे वजन म्हणून बसलो होतो.

मी काकूचा शब्द मोडला. "बाबा, काकांना या वेळी ऐकू आलं नाही," मी म्हणालो, आणि डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं.

बाबा उठून जेवणाच्या टेबलापाशी गेले, काकांच्या खुर्चीवरची बत्ती उचलली आणि जिन्याखालच्या अडगळीत, फुटक्या बादलीत ठेवून दिली.

पुढच्या रविवारी बाबांनी निघायच्या आधीच बॉनेट काढून अंगणात ठेवलं. आत्या लाँड्रीपाशी थांबली. मग ते खाली उतरले, मागच्या चाकाला दगड लावला, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला आणि डाव्या मडगार्डवर पालथे पडले. एक हात हेडलाइटला, एक हात डब्यावर. इंजिन पुन्हा चालू केलेलं, हँडब्रेक ओढलेला, चालकाची जागा रिकामी.

"मी चालवू का?" मी विचारलं.

"तू वजन आहेस. बस."

शिंपी बाहेर आला. लाँड्रीवाला बाहेर आला. कठड्यावरची चादर आज काढून ठेवलेली होती, त्यावरून आईला सगळं माहीत होतं हे माझ्या लक्षात आलं. माथ्यावरच्या खिडकीत काकू दिसली आणि ती आत वळून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो! भावजी मडगार्डवर झोपलेत!"

थोड्या वेळाने काका चढावरून खाली येताना दिसले. हातात दुधाची किटली. ते आत्यापाशी आले, बाबांकडे न बघता माझ्या खिडकीशी वाकले.

"त्याला विचार, हा असा का पडलाय?"

"बाबा, काका विचारतायत..."

"सांग त्याला, गाडी मोकळी आहे. ज्याला बसायचं त्याने बसावं."

"सांग त्याला, मी दूध आणायला चाललोय."

"विचार त्याला, डेअरी वर आहे, हा खाली कुठे चाललाय?"

काकांनी किटलीकडे पाहिलं, जणू तिनेच फसवलं होतं. मग ती खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली, पुढचं दार उघडलं आणि सीटवर बसले. सीट मागेपुढे सरकवली नाही. बाबांनी ती कधी हलवलीच नव्हती. स्वतः इतकी वर्षं पाय आखडून चालवत होते.

लाँड्रीवाल्याने चाकामागचा दगड काढला आणि बाबा मडगार्डवर असतानाच काकांनी आत्या मागे सोडत पायथ्यापर्यंत नेली. मग पुढे. पहिल्या गियरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून लगेच तिसऱ्यात, म्हणजे भार पडावा. काकांनी मान उजवीकडे कलती केली. बाबा डबा फिरवायला लागले. शिंप्याचं दुकान गेलं. आत्याच्या आवाजात जोर येत गेला, लाँड्री आली आणि पहिल्यांदाच मागे गेली. लाँड्रीवाल्याने सवयीने कपड्यांचा गठ्ठा पुढे केला होता, तो तसाच त्याच्या हातात राहिला.

मग टकटक सुरू झाली. मला ऐकू आली. "याला कान नाही" असं दोघांनी ज्याच्याबद्दल एकमताने ठरवलेलं, त्या मला. शिंप्याला आली, त्याने तोंडाला हात लावला. बाबांना तर ती हाताच्या बोटांत कळत असणार. फक्त काका मान कलती करून, ओठ दाबून, वाट बघत चालवत होते.

बाबांनी डबा आणखी थोडा फिरवला. टकटक वाढली, डब्यातले खडे गोटे झाले. काका काही बोलेनात. बाबांनी मान वर करून काचेतून भावाकडे पाहिलं. आणि मग माझ्या वडिलांनी, ज्यांचा चेहरा मी कधी रेघेबाहेर गेलेला पाहिला नाही, दाढ ठणकावी तसं तोंड केलं. एक डोळा मिटला, गाल वर गेला, भुवई कपाळात.

"बास!" काका ओरडले.

बाबांनी डबा केसभर मागे घेतला. टकटक थांबली. आत्या अशी सुटली की किटलीचं झाकण उडालं.

"पुन्हा बघू," काका म्हणाले.

बाबांनी पुन्हा डबा पुढे नेला, टकटक आली, पुन्हा तेच तोंड. "बास!" अगदी त्याच जागी. तेव्हा मी आरशात पाहिलं. पूर्वी ऐकताना अर्धवट मिटणारे काकांचे डोळे सताड उघडे होते आणि काचेतून त्यांच्या धाकट्या भावाच्या तोंडावर खिळले होते. मान मात्र त्यांनी कलतीच ठेवली होती.

आणि माथा आला. एवढासाच तर चढ. काकांनी आत्या स्वतःच्या दारासमोर उभी केली. बाबा मडगार्डवरून उतरले, शर्टावर इंजिनाची अर्धी आकृती उमटली होती. बोल्ट आवळला.

"दादा," ते म्हणाले, मधे मला न घालता. "बत्ती चुकत होती."

"ऑं?"

"बत्ती चुकत होती!"

"नीट बोल रे."

"बत्ती चुकत होती, दादा!" बाबा इतक्या मोठ्याने ओरडले की खाली शिंप्याने मान डोलावली.

काकांनी खिडकीतून किटली घेतली. "पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं," ते म्हणाले आणि घरात गेले.

आम्ही दोघं गाडीपाशी उभे राहिलो. दार बंद होतं. आतून किटली ठेवल्याचा आवाज आला. बाबांनी रस्त्याकडे वळून पाहिलं, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, जणू नकाशावर मोजतायत.

"फार लहान आहे रे चढ," ते म्हणाले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढं वर गेलात तर चहाला बसायचं की."

"कशाला?" बाबा म्हणाले. "भांडण आहे आमचं."

तो आठवडा बाबांनी फार वाईट काढला. आत्या आता उत्तम चालत होती. कुठेही बंद पडत नव्हती. पुढच्या रविवारी चढावर न्यायला काही कारणच उरलं नव्हतं, आणि कारणाशिवाय भावाकडे जाणं आमच्यात बसत नाही. शनिवारी काकू कठड्यापाशी आली आणि तिने आईकडे वरचा निरोप दिला. काकांना असं कळलंय की टायमिंग अजून लागलेलं नाही. त्या दिवशी ते दूध आणायला गेले होते, त्यामुळे त्यांना खात्रीने सांगता येत नाही.

रविवारी सकाळी बाबांनी पान्याने बोल्ट सैल केला, डबा मागे फिरवला आणि आत्याला पुन्हा बिघडवलं. इतक्या आनंदाने एखादी चांगली गोष्ट बिघडवताना मी कुणाला पाहिलेलं नाही. आत्या लाँड्रीपाशी थांबली. वरून किटली आली.

तेव्हापासून दर रविवारी हे असंच होतं, म्हणजे होत नाही. फक्त आता काकांना डॉक्टरांनी आणखी एक औषध दिलंय आणि त्याचाही उपयोग नाही. काकू म्हणते, नजरही अधू होत चाललीय. त्यामुळे बाबांना दर वेळी तोंड आधीपेक्षा मोठं करावं लागतं. मागच्या रविवारी ते इतकं मोठं झालं की लाँड्रीवाला पाणी घेऊन धावला. काकांनी "बास" म्हणायला थोडा उशीर केला. बाबांनी तेवढा वेळ तोंड तसंच धरून ठेवलं. मग माथा आला, दोघं उतरले आणि आपापल्या घराकडे वळले. चढ चालू असतो तोवर ते भाऊ असतात.

आमच्या विभागात अर्ज आधी माझ्या टेबलावर येतो. मी शेरा मारतो, मग तो वर जातो आणि तिथून नामंजूर होऊन परत माझ्याच टेबलावर येतो. म्हणून हा अर्ज मीच लिहितोय आणि मीच घेतोय.

प्रति,
विभागप्रमुख, रस्ते विभाग, यांस

विषय : चढाची लांबी वाढवून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, शिंप्याच्या दुकानापासून सुरू होणारा व अर्जदाराच्या काकांच्या दारापाशी संपणारा सार्वजनिक चढ प्रत्यक्ष वापराच्या मानाने अपुरा पडत आहे. सदर चढावरील दोन ज्येष्ठ वापरकर्त्यांचे काम दर वेळी माथा आल्यामुळे अर्धवट राहते. पर्यायी चढ सुचवू नये, कारण सदर वापरकर्त्यांपैकी एकास आता नवीन रस्ता ओळखता येणे कठीण आहे. तरी उपलब्ध डोंगराचा विचार न करता, चढाचा उतार व कठड्याची जागा आहे तशीच ठेवून, माथा जितका पुढे नेता येईल तितका पुढे नेण्यात यावा, आणि ते शक्य नसल्यास, गाडी वर पोचल्याची नोंद विभागाने कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये, ही विनंती.